तांडेल सरांचा राग

आमच्या टोल्यातले लोक तांडेल सरांचा राग बघायला यायचे. हे मी गमतीने लिहीत नाही. सकाळी शाळेच्या कुंपणापाशी दोन-चार जण कडुनिंबाची काडी चावत उभे असायचे आणि सरांची मोटारसायकल वळणावर दिसली की एकमेकांना कोपराने डिवचायचे. सर गाडी लावणार, आवारात शेळ्यांच्या लेंड्या बघणार आणि सुरू होणार. "ही शाळा आसा की गोठो?" सरांच्या तोंडून मालवणी बाहेर पडली की कुंपणावर हशा पिकायचा. "आज गरम हायेत गुर्जी," कोणीतरी म्हणायचं आणि मंडळी समाधानाने आपापल्या धानाच्या बांधीकडे जायची.

टोल्याचं, म्हणजे आमच्या या वस्तीचं, नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर त्याचाही फोटो काढून ते एकमेकांना पाठवतील आणि म्हणतील, बघा, आपलं गाव छापून आलं. देवरीपासून आत, जंगलाला लागून, एवढं पुरे. शाळा द्विशिक्षकी. एक मी, पटले म्याडम, राहणार फुलचूर; आठवडाभर देवरीत खोली करून राहायची आणि शनिवारी घरी जायची. दुसरे तांडेल सर, टोल्याबाहेरच्या रस्त्यावर खोली घेऊन राहायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "सर, तुम्ही कुठले?" तर म्हणाले, "समुद्रातला."

मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर एक लांबट आकार काढला. राज्याच्या नकाशात पार खाली, कोकणाच्या किनाऱ्यावरून समुद्रात घुसलेली जमिनीची एक पट्टी. तिच्या टोकावर त्यांचं गाव. गावाचं नाव ते क्वचितच घेत, "आमचं टोक" म्हणत. मी विचारलं, तिथे काय आहे? किल्ला आहे का, मोठं देऊळ आहे का? सर चिडले. "काही नाही. किल्ला नाही, कारखाना नाही, बघायला यावं असं काही नाही. घरं आहेत. माणसं राहतात. नुसती राहतात." त्या 'राहतात'मध्ये जे होतं ते तेव्हा मला कळलं नाही. त्यांची बायको तिथल्या दवाखान्यात नर्स होती आणि मुलगी सई तिथल्याच शाळेत होती. राहत नव्हते ते एकटे सर.

आपल्या गावाच्या खोडीसुद्धा ते छाती फुगवून सांगत. तिथे हिवाळा असा नसतोच, बारा महिने अंग चिकट, कपडे वाळत नाहीत, खिडकीचे गज खारं वारं खाऊन टाकतं. आमच्याकडे लोखंड टिकत नाही, हे ते असं सांगायचे की ऐकणाऱ्याला आपल्या घरच्या धडधाकट खिडक्यांची लाज वाटावी. आणि आमच्याकडचं काहीच त्यांना पसंत नव्हतं. उन्हाळा म्हणजे "ऊन नव्हे, शिक्षा." तळ्यातले मासे म्हणजे "काटे लावलेला चिखल." शाळेत पोषण आहार शिजवणारी सुगनबाई उईके एकदा त्यांच्यासाठी मुद्दाम तळ्यातल्या माशांचं कालवण घेऊन आली. सरांनी एक घास खाल्ला आणि बिचाऱ्या माशाची आणि तळ्याची उभी-आडवी हजेरी घेतली. बोलता बोलता डबा मात्र पुसून संपवला. सुगनबाई पदर तोंडाला लावून हसत होती. "गुर्जी, शिव्या देऊन रायले का जेवून रायले?" ती म्हणाली. "दोन्ही," सर म्हणाले. त्यानंतर दर आठवड्याला डबा येऊ लागला, आणि दर आठवड्याला शिव्या.

इथेच खरी गडबड झाली. या माणसाचा राग वरवरचा आहे, असं गावाने ठरवून टाकलं. आमच्याकडे बोलणंच रोखठोक. कोणी कोणावर ओरडलं म्हणजे काही बिघडलं, असं आम्ही मानत नाही. तोंडावर बोलतो तो आपला, गप्प राहतो तो परका. सर रोज बोलत होते, म्हणून ते आपले झाले. आपले झाले म्हणजे आपल्या मालकीचे झाले.

शिकवायचे मात्र सुरेख. पाठ द्वीपकल्पाचा होता तेव्हा ते सगळ्या पोरांना बोडीवर, शेतातल्या लहान तळ्यावर, घेऊन गेले. चिखल ओढून त्यांनी पाण्यात जिभेसारखी पट्टी काढली, तिच्यावर काड्यांची घरं रचली आणि सांगितलं, "तीन बाजूंना पाणी. आणि चौथ्या बाजूला काय?" मग स्वतःच म्हणाले, "एस.टी. स्टँड! नाहीतर माणूस घरी पोचणार कसा?" पुढे तपासणीला केंद्रप्रमुख आले आणि त्यांनी द्वीपकल्प म्हणजे काय विचारलं. अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला एस.टी. स्टँड. केंद्रप्रमुखांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सर म्हणाले, "साहेब, चुकीचं असेल तर तुम्ही जाऊन बघून या. मला तरी दुसऱ्या वाटेने जाता येत नाही." देवरीहून बस, गोंदियाहून गाडी, मुंबईला गाडी बदलायची, मग पुन्हा एस.टी. दिवाळीच्या सुट्टीतले किती दिवस रस्त्यावरच जायचे.

गाऱ्हाणंही त्यांच्यामुळेच आमच्या टोल्यात आलं. त्यांच्या मुलखात देवापुढे उभं राहून तक्रार सांगतात. एकाने मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून हमी भरायची. शाळेचं छत गळत होतं. आम्ही कळवून कळवून थकलो होतो. पावसात पोरं एका कोपऱ्यात खेटून बसायची. एके दिवशी सरांच्या डोक्यावरच धार लागली. त्यांनी पुस्तक मिटलं, पोरांना व्हरांड्यात उभं केलं, हेमराजच्या किराणा दुकानातून नारळ आणवला आणि आभाळाकडे बघून गर्जना केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या टोल्याच्या राखणदारा, तळ्यातल्या, डोंगरातल्या, साजाच्या झाडातल्या म्हाराजा!"

साजाच्या झाडात आपला देव राहतो, असं सुगनबाईने त्यांना कधीतरी सांगितलं होतं. ते त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं.

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली.

"ह्या पोरांच्या टकलेर पाणी गळता हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एकदा त्या हापिसातल्या साहेबाच्या टकलेरय गळू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता कुंपणावरची मोठी माणसंसुद्धा ओरडत होती.

सुगनबाई चूल सोडून बाहेर आली होती. "आमच्या देवासंग भांडून रायले का त्याची पूजा करून रायले, काई समजत नाई," ती मला म्हणाली, "पर आयकाले मस्त वाटते." हेमराजने सगळं मोबाईलमध्ये घेतलं. तो शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्षही होता आणि गावात घडणारी प्रत्येक गोष्ट जगाला पाठवणं हे आपलं काम समजायचा. छत काही दुरुस्त झालं नाही. पण त्या दिवसापासून सरांचा राग ही गावाची करमणूक झाली.

त्याचं टोक मी मंडईत पाहिलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, सगेसोयरे येतात, नाच होतात, रात्रीच्या नाटकासाठी मंच बांधलेला असतो. सर नुकतेच घरून परत आले होते. परत आल्यावर आठवडाभर त्यांच्याकडे बघवत नसे. दुपारी हेमराजने मंचावरचा माईक घेतला आणि म्हणाला, "अभी देखिये! आता आपल्या समोर तांडेल गुर्जी रागावतील!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. "गुर्जी, रागवा ना जी!" बायाही ओरडायला लागल्या. दोघांनी सरांना धरून मंचावर चढवलं.

सर खरोखर रागावले. माईक हातात घेऊन त्यांनी सगळ्या मंडईसमोर सांगितलं, "माका घराक जाऊक व्हया! माजा चेडू थंय वाढता हा आणि मी हंय तुमच्या शेळ्यो हाकतंय! तुमका समाजता काय?" मला घरी जायचं आहे, माझी मुलगी तिथे मोठी होते आहे. माणूस याहून स्पष्ट काय बोलणार? आणि अख्ख्या मंडईने उत्तर दिलं, "व्हय म्हाराजा!" शिट्या वाजल्या. कोणीतरी सरांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. सर खाली उतरले. मी त्यांना पाणी दिलं. "म्याडम, मी चिनीत बोललो का?" त्यांनी विचारलं. मला त्या मंचाला काडी लावावीशी वाटली होती. अजून वाटते.

टोल्यात मोबाईलची रेंज फक्त तळ्याच्या पाळीवर मिळायची. शाळा सुटली की सर तिथे जाऊन उभे राहत आणि सईशी बोलत. मीही घरी फोन करायला तिकडेच जात असे, त्यामुळे कानावर पडायचं. तिथे त्यांचा आवाज ओळखू यायचा नाही. गणिताची रीत ते हळूहळू समजावून सांगत, मैत्रिणीशी झालेलं भांडण शेवटपर्यंत ऐकून घेत. एकदा ती काहीतरी उद्धटपणे बोलली असावी, कारण सरांच्या कानशिलाची शीर फुगली होती. तरी ते म्हणाले, "बरा बरा, उद्या बोलूया." मी विचारलं, "सर, आमच्यावर तर लेंडी दिसली तरी ओरडता. लेकीवर नाही का रागावत?" ते म्हणाले, "रागावलो आणि मधेच रेंज गेली तर? राग तेवढा तिच्यापाशी राहायचा दिवसभर, आणि समजूत माझ्यापाशी. रागावायचं तर समोर असावं लागतं."

बदलीसाठी ते दर वर्षी अर्ज करत. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ती झाली. त्यांच्या टोकावर नाही, पण त्याच तालुक्यात. घरून जाऊन-येऊन करता येईल अशी. त्यानंतरचे काही दिवस सर अजिबात रागावले नाहीत. शेळी वर्गात शिरली तर तिला म्हणाले, "ये गो, बस." गाव घाबरलं. "गुर्जी बिमार हायेत का?" सुगनबाईने मला विचारलं. मी सांगितलं की त्यांची बदली झाली, ते घरी चालले.  "असं कसं जातेत?" ती म्हणाली. "आमी सोडू तवा ना!"

मला वाटलं, बोलण्याची पद्धत आहे. निघायच्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचले तर शाळेच्या दाराला गावाने ठोकलेलं कुलूप, पोरं-बाया-माणसं आवारात, आणि मधोमध भाड्याची जीप. जीपमध्ये सरांची खाट, शेगडी, गादीची वळकटी. सर पुढच्या सीटवर बसलेले होते. जीपवाला खाली उभा राहून डोकं खाजवत होता, कारण जीपची चावी सुगनबाईने काढून कमरेला खोचली होती.

"सुगनबाई, चावी द्या," मी म्हटलं.

"म्याडम, तुमी मदात नका बोलू."

"अहो, त्यांची बायको-मुलगी आहे तिकडे. त्यांनीच मागितली आहे बदली."

"मांगतली असन. त्यायले आमी वरखतो. त्यायचा राग वरतून वरतून रायते, मनातून आमचेच हायेत." मग ती हसली. "आनि आमच्या पोट्ट्यायले मंग कोन शिकवन? तुमी एकल्या?"

मी ओरडले, भांडले, हेमराजला वाटेल ते बोलले. "टेन्शन नका घेऊ म्याडम, सब बढिया होईन," तो म्हणाला आणि मोबाईल वर धरला. सर जीपमधून उतरले. आता खरा स्फोट होणार म्हणून लोक सरसावून उभे राहिले. सर तोंड उघडणार तेवढ्यात पहिलीतली एक पोर येऊन त्यांच्या पायाला बिलगली. ती इतकी रडत होती की तिचा श्वास अडकला, ओठ काळेनिळे झाले. सर खाली वाकले, तिची पाठ चोळू लागले. "नाय गो जात, नाय जात. आधी श्वास घे बघू." एवढंच ते म्हणाले, आणि ते तिला म्हणाले. मी हाताच्या अंतरावर उभी होते.

हेमराजने नेमकं तेवढंच घेतलं. "नाय जात." चावी नाही, कुलूप नाही, जीप नाही. फक्त वाकलेले सर, रडणारी पोर आणि ते दोन शब्द. दुपारपर्यंत ते गोंदियापर्यंत पोचलं. कुलूप काही दिवस तसंच राहिलं. मग एक साहेब आले, त्यांनी ते चित्रण बघितलं आणि सरांना म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच तर म्हणताय. आणि बदली शिक्षक आल्याशिवाय तसंही कार्यमुक्त करता येणार नाही." बदली शिक्षक आलाच नाही. देवरीच्या आतल्या टोल्यावर कोण येतो? तिकडची जागा दुसऱ्याने घेतली. पेपरात सरांचा हार घातलेला मंडईतला फोटो छापून आला आणि खाली लिहिलं होतं की गावकऱ्यांच्या प्रेमापुढे गुरुजी नमले.

प्रेम! मला त्या शब्दाची त्या दिवसापासून शिसारी आली आहे. माणसाला एकदा विचारावं, बाबा, तुला काय हवं आहे, एवढंही ज्यात नाही त्याला प्रेम म्हणायचं आणि वर छापायचं. शेळी खुंट्याला बांधतात तेव्हा निदान तिच्यावर प्रेम आहे म्हणून पेपरात देत नाहीत.

मला सरांचाही राग आहे. त्यांनी त्या पोरीला माझ्या हातात देऊन चालत सुटायला हवं होतं. देवरी काही चंद्रावर नाही. मी त्यांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "म्याडम, तिचा श्वास अडकला होता." मी विचारलं, "घरी तरी नीट सांगितलंत का काय झालं ते?"

"सांगितलं. बायको म्हणाली, तोंड तुमचंच होतं ना?"

सईने ते चित्रण शाळेतल्या मैत्रिणीच्या मोबाईलवर बघितलं होतं. तिने फोनवर यायचं बंद केलं. सर तरी रोज संध्याकाळी पाळीवर जात. बायकोशी दोन शब्द बोलून होत, मग "सई आसा?" असं विचारत, आणि मग नुसता मोबाईल हातात धरून उभे राहत. दिवाळीत आणि मे महिन्यात घरी जात तेव्हा ती मामाकडे निघून जायची. कधी घरी असली तर त्यांच्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं नीट, नम्रपणे बोलायची. "एकदा तरी भांडली असती," सर मला म्हणाले होते.

त्यानंतर ते रागावले नाहीत. शाळेत येत, शिकवत, जात. शेळ्या आवारात फिरत राहिल्या. सुगनबाईचा डबा ते निमूट खात. कुंपणावर लोक काही दिवस आले, मग येईनासे झाले. हेमराजने मला रस्त्यात थांबवून तक्रार केली, "म्याडम, गुर्जी आजकाल रागावत नाई. पयल्यासारखी मजा नाई." मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सई बारावी झाल्यावर आली. माझा नंबर तिने आईच्या मोबाईलमधून घेतला होता. "बाबांना सांगू नका," म्हणाली. पुण्याला कॉलेजात नाव घालायचं होतं, घर सोडायचं होतं. त्याआधी तिला बघायचं होतं की ज्याच्यासाठी बाबांनी आम्हाला सोडलं असं या गावात आहे तरी काय. देवरीच्या स्टँडवर उतरली तेव्हा मी तिला कानशिलाच्या शिरेवरून ओळखलं. स्कूटीवर मागे बसवून तिला शाळेत नेताना मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्या सहकारी आहात, तुम्ही असंच म्हणणार."

शाळेत शिरलो तेव्हा सर आत वर्गात होते. सुगनबाईने सईला पाहिलं, क्षणभर निरखलं आणि हातातला झारा टाकून धावत आली. "गुर्जीची पोट्टी! माय वो, तोंड पाय ना, सेम बाप!" तिने सईच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. बघता बघता आवार भरलं. हेमराज आला. सगळ्यांना काहीतरी सांगायचं होतं, आणि सुगनबाईला सगळ्यात मोठी गोष्ट सांगायची होती.

"तुह्या बापाले आमी जाऊ नाई देल्लं, मालूम हाये का तुले?" ती अभिमानाने म्हणाली. "जीपमदी बसला होता. खाट, गादी, सब्बन लादलं होतं. चालला होता तुमच्याकडं. मीनंच चाबी काडून घेतली जीपची. हे अशी कमरेले खोचली. मंग कसा जाते?"

सई तिच्या कमरेकडे बघू लागली. "चावी?" ती म्हणाली. "बाबा जीपमध्ये बसले होते?"

"मंग! सकारपासून बसला होता. लय गरम झाला होता." सुगनबाई हसली, आणि लोकही हसले.

सईने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मला वाटलं ती रडेल. ती व्हरांड्याच्या पायरीवर चढली आणि लोकांकडे तोंड करून ओरडली. तो आवाज होडीवरून होडीवर जाणारा होता.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं सवयीने ओरडली. लोक खूश झाले. हेमराजने मोबाईल वर धरला.

"ह्यांनी माज्या बापाशीक कोंडून घातल्यानी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," दोन-तीन जण म्हणाले.

"माजो बापूस माज्यार एकदाय रागावलो नाय रे म्हाराजा! रेंज जायत म्हणान गप रवलो! तेचो सगळो राग ह्या लोकांनी खाल्लो! रोज खाल्लो, आणि वर हसले!"

कोणी काही म्हटलं नाही. गावाला सगळी मालवणी कळत नव्हती, पण सरांच्या पायाशी इतकी वर्षं बसून जेवढं समजायचं तेवढं समजत होतं.

"मी तेका खोटो समजलंय रे म्हाराजा. ही माजी चूक. मी कबूल करतंय. आणि ह्यांची चूक ह्येंका कोण सांगतलो?"

 हेमराजचा हात खाली आला होता. सुगनबाईने पदर तोंडावर धरला होता, पण या वेळी हसायला नाही. सई वाट बघत उभी होती, आणि तिच्या गाऱ्हाण्याला हमी भरायला एवढ्या गर्दीत कोणी नव्हतं.

तेव्हा मागून, वर्गाच्या दारातून, हातात खडू घेऊन उभे असलेले सर हळू आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

दुसऱ्या दिवशी ते तिच्याबरोबर रजेवर गेले आणि टोल्यात परत आले नाहीत. रजा वाढत गेली, आणि त्या रजेतच त्यांची बदली झाली. या वेळी गावाला कळायच्या आत ते हजरही झाले होते. आता ते त्यांच्या टोकावर राहतात. नुसते राहतात. सई पुण्याला आहे. म्हणजे मुलगी घरी होती तेव्हा बाप इथे, आणि बाप घरी पोचला तेव्हा मुलगी तिथे नाही. याला गाव अजून प्रेम म्हणतं. सुगनबाईने मात्र माझ्यापाशी परत कधी तो शब्द काढला नाही. तळ्यातला मासा मिळाला की ती अजूनही डबा भरून आणते आणि माझ्यापुढे ठेवते. "तुमीच दोन शिव्या द्या म्याडम," म्हणते. मी देत नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते रजेवर निघाले त्या दिवशी, देवरीच्या स्टँडवर. मी त्यांना सोडायला गेले होते. बाप-लेक गोंदियाच्या बसमध्ये बसली होती, सई खिडकीपाशी. सकाळपासून दोघं एकमेकांशी फारसं बोलली नव्हती. बस सुरू झाली तसा मला निरोप द्यायला सईने हात खिडकीबाहेर काढला, पार कोपरापर्यंत, आणि समोरून एक ट्रक येत होता.

"हात आत घे!" सर एवढ्या जोराने ओरडले की कंडक्टर दचकला. "अक्कल आसा काय नाय? हात तुटान जायत म्हणजे समाजतला! केवढी मोठी झालंस, आणि काय एक कळणा नाय तुका!"

सईने हात आत घेतला. ट्रक निघून गेला. ती बापाकडे वळून बसली होती, आणि सर थांबत नव्हते. दप्तर कसं धरायचं, पैसे कुठे ठेवायचे, अनोळखी माणसाशी काय बोलायचं, सगळं एका दमात, कानशिलाची शीर फुगवून. ती मध्ये काही बोलली नाही. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते तिच्यावर रागावत होते.